अँटिव्हायरससाठी आता पैसे मोजावेत का?

घरातला लॅपटॉप वर्षभर विनातक्रार चालतो आणि एके दिवशी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते: संरक्षणाची मुदत संपली आहे, लगेच रिन्यू करा. बाहेरगावी नोकरी करणारी मुलगी फोनवर सांगते, ‘काही भरू नका बाबा, विंडोजमध्ये सगळं आहे.’ ज्याच्याकडून लॅपटॉप घेतला तो कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘काका, तीन वर्षांचा टाकून घ्या, डोक्याला ताप नको.’ दोघंही भल्यासाठीच सांगत असतात. कॉम्प्युटरवाल्याचा सल्ला २००५ सालच्या कॉम्प्युटरला शंभर टक्के लागू होता. मुलीचा सल्ला आजच्या कॉम्प्युटरला बऱ्याच अंशी लागू आहे. बऱ्याच अंशी, पूर्णपणे नाही. तो उरलेला अंश कोणता हे नीट कळलं तर वर्षाचे पैसे वाचतील आणि त्याहून मोलाचे घरचे फोटो, कागदपत्रं आणि बँकेतली शिल्लकही वाचेल.

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो ठाण मांडून बसे, आणि त्यात या भावांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. पुढचे व्हायरस इतके निरुपद्रवी राहिले नाहीत. ‘मायकलअँजेलो’ नावाचा व्हायरस ६ मार्चला, त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, जागा होई आणि हार्ड डिस्कवरची माहिती खरवडून टाकी. १९९२ साली जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या छापल्या. ६ मार्चला कॉम्प्युटर सुरूच करू नका, नाहीतर आधीच त्यातली तारीख बदलून ठेवा, असे सल्ले तेव्हा दिले गेले.

या व्हायरसचा पुण्याशी एक वेगळाच संबंध आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले होते. पुढे पुण्यात त्यांनी दुरुस्तीचं दुकान थाटलं आणि कॉम्प्युटरही हाताळायला सुरुवात केली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसने बिघडलेली बरीच असत. धाकटे भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. मायकलअँजेलो काढून टाकणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला, तसे आणखी लिहिले, आणि त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभी राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कॉम्प्युटरवाल्यांनी हे पाकीट दुकानात टांगलं, कारण त्याची खरोखर गरज होती.

ती गरज ज्यांनी पाहिली आहे त्यांना झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह आठवेल. बायोडेटाची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला, की तो सोबत काहीतरी घेऊनच परत येई. घरी लावला की आतली सगळी फोल्डर शॉर्टकट झालेली, खरी फोल्डर लपवलेली. किंवा एका फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसे. चित्र पिवळ्या फोल्डरचं, प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम. विंडोज फाइलच्या नावामागचं ‘डॉट ईएक्सई’ लपवून ठेवत असल्याने साध्या माणसाला फरक कळायचा मार्गच नव्हता. बऱ्याचदा क्लिक करण्याचीही गरज पडत नसे. ‘ऑटोरन’ नावाच्या सोयीमुळे पेनड्राइव्ह खुपसल्याबरोबर आतला प्रोग्रॅम आपणहून सुरू होई. मग एकच उपाय उरे: फॉरमॅट मारणे.

इंटरनेटवरून येणारा धोका त्याहून थेट होता. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ पसरला तेव्हा विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर नुसता नेटला जोडला तरी पुरे होत असे. थोड्याच वेळात स्क्रीनवर चौकट येई, साठ सेकंद उलटे मोजले जात आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू होई. वापरणाऱ्याची यात काडीची चूक नसे. अशा काळात अँटिव्हायरसविना कॉम्प्युटर चालवणं धाडसाचंच होतं.

मायक्रोसॉफ्टला हे जड गेलं. जानेवारी २००२ मध्येच बिल गेट्स यांनी कंपनीभर पत्र पाठवून, नव्या सोयी आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा, असं बजावलं होतं. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि विंडोजची फायरवॉल पहिल्यापासूनच चालू राहू लागली. २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ हा फुकट अँटिव्हायरस आला. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवरचं पेनड्राइव्हचं ऑटोरन अपडेटद्वारे बंद केलं गेलं. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवला गेला.

सुरुवातीला तो कच्चा होता, हे मान्य केलं पाहिजे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था अँटिव्हायरसच्या नियमित परीक्षा घेते. २०१३ च्या आसपास तिच्या यादीत डिफेंडर तळाशी असे. २०१९ पर्यंत तोच पैकीच्या पैकी गुण घेऊ लागला आणि बहुतेक चाचण्यांत नामवंत कंपन्यांच्या विकतच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने राहिला. त्यामुळे ‘फुकट आहे म्हणजे कमअस्सल असणार’ हा आपल्याकडचा पक्का समज इथे टिकत नाही.

ही सुधारणा झाली कशी? पूर्वी अँटिव्हायरस म्हणजे मुख्यतः ओळखीच्या व्हायरसांची यादी. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला खुणेचा तुकडा या यादीत असे आणि फाइल त्याच्याशी ताडून पाहिली जाई. आज एव्ही-टेस्टच्या नोंदीत दिवसाला साडेचार लाखांवर नवे घातक आणि नकोसे प्रोग्रॅम येतात. इतकी यादी घरच्या कॉम्प्युटरवर कोण ठेवणार? म्हणून आता प्रोग्रॅमची वागणूक पाहिली जाते. अनोळखी प्रोग्रॅम एकामागून एक शेकडो कागदपत्रं उघडून त्यांचं रूपच बदलू लागला, तर त्याचं नाव यादीत असो-नसो, त्याला थांबवलं जातं. संशयास्पद फाइलची ओळख क्षणात कंपनीच्या सर्व्हरकडे विचारली जाते. कोट्यवधी कॉम्प्युटरांकडून येणारी माहिती ज्याच्याकडे साठते त्याला इथे मोठा फायदा होतो, आणि विंडोज मायक्रोसॉफ्टचीच असल्याने तिच्याकडे तो आपसूक आला. याची दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रियातल्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’च्या चाचण्यांत इंटरनेट तोडल्यावर डिफेंडरची पकड ढिली पडलेली दिसते. ज्या घरात नेट क्वचित असतं आणि पेनड्राइव्हची ये-जा जास्त, तिथे ही उणीव खरी आहे.

मग वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला तर बिघडलं कुठे? पैशांपलीकडेही एक किंमत असते. अँटिव्हायरस हा पहारेकरी आहे आणि त्याला घरातल्या प्रत्येक खोलीची किल्ली द्यावी लागते. त्याच्या हातून चूक झाली तर ती साधी राहत नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर आणून ठेवले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी असल्याने घरचे लॅपटॉप वाचले, पण या जातीच्या सॉफ्टवेअरला किती आतपर्यंत शिरकाव असतो ते त्यातून उघड झालं.

दुसरं प्रकरण थेट घरगुती वापरणाऱ्यांचं आहे. ‘अव्हास्ट’चा फुकट अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोक वापरत. हे लोक कोणत्या वेबसाइटवर जातात याची माहिती ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचं जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघडकीस आणलं. जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्याच्यावर पाळत रोखण्यासाठी भरवसा ठेवला त्यानेच पाळत ठेवावी, ही गोष्ट संतापजनक आहे. फुकटचा तिसराच अँटिव्हायरस घेण्यापूर्वी हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: तिथेही अॅपलने २००९ पासून ‘एक्सप्रोटेक्ट’ हा तपासनीस आत बसवलेला आहे. मॅकला व्हायरस लागत नाही ही समजूत २०१२ मध्येच मोडली, तेव्हा ‘फ्लॅशबॅक’ने सहा लाखांच्या आसपास मॅक पकडले होते. २०२१ मध्ये अॅपलचे क्रेग फेडरिघी यांनी न्यायालयात साक्ष देताना, मॅकवरच्या मालवेअरचं प्रमाण आपल्याला मान्य होण्यासारखं नाही, असं सांगितलं.

अँटिव्हायरस कोणताही असो, एका गोष्टीपुढे त्याचं चालत नाही: ऑपरेटिंग सिस्टिममधली न बुजवलेली भगदाडं. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांवर कॉम्प्युटरच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ३०० डॉलर मागितले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. तो ज्या भगदाडातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्याला नेटवर्कवरून आपोआप शिरता आलं नाही. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ने पसरायला तेच भगदाड वापरलं, त्यात ‘मर्स्क’ ही जहाज कंपनी सापडली आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम खोळंबलं.

हा धडा आज महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना लागू पडतो, कारण विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवली. इथे एक बारकावा फसवा आहे. विंडोज १० वरच्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. म्हणजे अँटिव्हायरस हिरवी खूण दाखवत राहील आणि खालची भगदाडं मात्र वाढत जातील. असा लॅपटॉप वापरायचाच असेल तर त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. महागडा अँटिव्हायरस टाकल्याने ही उणीव भरून निघत नाही.

आता त्या उरलेल्या अंशाकडे. चोरांनी गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटर फोडण्याचा नाद बराचसा सोडून माणसाला गाठायला सुरुवात केली आहे. ‘क्लिकफिक्स’ नावाची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. नेटवर काही शोधताना एक पान उघडतं. त्यावर ओळखीची चौकट असते: मी रोबोट नाही. तिच्यावर टिचकी मारली की पुढची सूचना येते. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. चित्रं आणि लिखावट अगदी व्यवस्थित, एखाद्या मोठ्या कंपनीची वाटावी अशी. पहिल्या टिचकीबरोबरच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर ठेवलेली असते, आणि वापरणारा तीच विंडोजच्या ‘रन’ चौकटीत स्वतःच्या हाताने चिकटवून चालवतो. हे काम विंडोजचंच अधिकृत साधन करतं, हुकूम घरमालकाचा असतो. अँटिव्हायरस कधी ते पकडतो, कधी नाही. कोणतीही खरी वेबसाइट माणूस ओळखण्यासाठी ‘रन’ चौकट उघडायला सांगत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं.

या वाटेने जे येतं त्यात ‘लुमा’सारखे माहितीचोर बरेच असतात. ते काहीही बिघडवत नाहीत, स्क्रीनवर काही दाखवतही नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलतात, पाठवून देतात आणि बऱ्याचदा तिथून निघूनही जातात. कुकी हातात आली की चोराला लॉगिन झालेलंच खातं मिळतं, मग नव्याने ओटीपी विचारला जात नाही. मार्च ते मे २०२५ या दोनच महिन्यांत लुमा लागलेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टला आढळले.

चोरीचं सॉफ्टवेअर हा दुसरा उघडा दरवाजा. फोटो सजवण्याचा किंवा कागदपत्रं लिहिण्याचा महागडा प्रोग्रॅम ‘क्रॅक’ करून टाकण्यात आपल्याकडे कुणाला गैर वाटत नाही. कॉम्प्युटरवाले पूर्वी तो कौतुकाने टाकून देत. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून घरोघरी पोचलं. फोटोंच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागतं, एकही उघडत नाही, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ फाइल येते. तिच्यात ९८० डॉलरची मागणी, ७२ तासांत संपर्क साधला तर निम्म्यात, ४९० डॉलरमध्ये. यातली सगळ्यात दुःखाची बाब अशी, की क्रॅकच्या सूचनांमध्ये बहुधा पहिलीच ओळ ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते आणि वापरणारा ती पाळतो. तिथे दहा हजारांचा अँटिव्हायरस असता तरी त्याला बंदच केलं गेलं असतं.

ज्या फसवणुकीत सर्वाधिक पैसा बुडतो तिथे तर व्हायरसचा संबंधच येत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर धमकावतो आणि निवृत्त शिक्षक आपल्या हाताने मुदत ठेव मोडून पैसे पाठवतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावं लागलं. ‘एनीडेस्क’सारखं दूरनियंत्रणाचं अॅप घ्यायला लावून खातं रिकामं केलं जातं, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. ते अॅप कायदेशीर असतं, त्यामुळे अँटिव्हायरसने ते अडवावं अशी अपेक्षाही करता येत नाही. पुण्याच्या क्विक हीलनेच २०२४ मध्ये फसवणूक ओळखण्यासाठी वेगळं उत्पादन बाजारात आणलं, यातच वारा कुठून वाहतो आहे ते दिसतं.

तेव्हा विंडोज ११ चा, वेळच्या वेळी अपडेट होणारा लॅपटॉप ज्या घरात आहे आणि जिथे सगळं सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं आहे, तिथे वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज उरलेली नाही. मुदत संपलेला तसाच ठेवू नये, तो रीतसर अनइन्स्टॉल करावा. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो. तो निघाल्यावर पुन्हा चालू झाला ना, हे ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून पाहावं. तिथेच ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या तळाशी ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ असतं. त्यातला ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ आपणहून चालू नसतो. तो चालू केला की अनोळखी प्रोग्रॅमला कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फोल्डरला हात लावता येत नाही. सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्रॅमही अडेल, त्याला परवानगी द्यावी लागेल. एवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

विकत घेण्याला अर्थ कुठे आहे? मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची सोय एकाच ठिकाणी हवी असेल, आई-वडील गावी एकटे असतील आणि अडचण आल्यावर कंपनीच्या माणसाला फोन करता येण्यातच त्यांना धीर वाटत असेल, किंवा घरच्याच कॉम्प्युटरवर सोसायटीचे हिशेब आणि अशिलांची कागदपत्रं असतील, तर घ्यावा. मात्र वाचलेल्या किंवा न वाचलेल्या पैशांतून आधी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. तिच्यावर फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढावी आणि काम झाल्यावर ती केबल काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं.

एवढं करूनही घात झालाच, तर पैसे गेले असल्यास पहिल्या तासाभरातच १९३० वर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. पासवर्ड बदलायचे ते त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून, आणि सर्व ठिकाणांहून लॉगआउट करून. फोटो कुलूपबंद झाले असतील तर खंडणी भरू नये आणि घाईने फॉरमॅटही मारू नये. बंद पडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवाव्यात. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांच्या साथीने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर अनेक कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात आणि नव्या येत राहतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘एमसिसॉफ्ट’ने स्टॉप-डीजेव्हीयूच्या १४८ प्रकारांसाठी असंच फुकट साधन दिलं. त्या प्रकारांतल्या ज्यांनी आपल्या कुलूपबंद फाइली पुसून न टाकता जपून ठेवल्या होत्या, त्यांना त्या परत उघडण्याची संधी मिळाली.